स्टॉलवर झाड ठेवताय? आधी त्याला काम द्या



दिवाळी संपली की मला येणारे प्रश्न बदलतात. एरवी जीएसटी, पॅकिंग, उधारी वसुली हे विषय असतात. नोव्हेंबरपासून मात्र एकच सुरू होतं, "सर, प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, सजावट कशी करू?" आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "सर, जिवंत झाडं लावून स्टॉल केला तर? सध्या सगळे करतायत."

व्हिडिओत मी यावर दोन मिनिटं बोललो होतो. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. झाडं लावा, जरूर लावा. पण प्रत्येक झाडाला स्टॉलवर एक काम असलं पाहिजे. तुमच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर ते झाड देत असेल तर त्याला टेम्पोत जागा द्या. नुसतं "छान दिसतं" एवढंच कारण असेल तर तो पैसा पॅकिंगवर घाला.

आता हे मत का, ते बघू.

जिवंत गोष्टीपुढं माणूस थांबतो

आपल्या कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावर भीमा कृषी प्रदर्शन भरतं. तिथं गेला असाल तर गर्दी कुठं असते ते आठवा. लाखो रुपयांची चकचकीत यंत्रं एका बाजूला असतात, आणि माणसं मात्र भल्यामोठ्या रेड्याभोवती कोंडाळं करून उभी असतात. पोरांना खांद्यावर बसवून दाखवतात. रेडा काही करत नसतो. उभा असतो, रवंथ करतो, कान हलवतो. पण तो जिवंत आहे, आणि जिवंत गोष्ट पुढच्या क्षणी काय करेल ते माहीत नसतं, म्हणून नजर तिथं अडकते.

दुसरं उदाहरण बारामतीचं. तिथं ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि कृषी विज्ञान केंद्र मिळून जानेवारीत 'कृषिक' प्रदर्शन भरवतात. त्याचं वेगळेपण म्हणजे तिथं पीक प्रत्यक्ष शेतात उभं असतं. शेतकरी सरीतनं चालत जातो, पान उलटून बघतो, पेरं मोजतो, आणि मग कंपनीच्या माणसाला प्रश्न विचारतो. माहितीपत्रक नंतर. बियाणं विकणाऱ्यानं "उत्पादन जास्त येतं" असं फ्लेक्सवर लिहिणं वेगळं आणि ते पीक समोर उभं करणं वेगळं. जानेवारीत शेत दाखवायचं म्हणून तिथं काही महिने आधी लागण झालेली असते. स्टॉलची तयारी म्हणजे आदल्या दिवशीची धावपळ, असं समजणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा बघून यावं.

डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला 'किसान' प्रदर्शन भरतं, तिथंही रोपवाटिकावाले प्रो-ट्रेमधली रोपं उपसून मुळ्या दाखवतात. पांढऱ्याशुभ्र मुळ्या दिसल्या की बोलणंच खुंटतं. ते रोप तिथं सेल्समनचं काम करतंय.

आणि हे फक्त शेतीच्या प्रदर्शनापुरतं नाही. २०१५ मध्ये इटलीत मिलान इथं जागतिक एक्स्पो भरला होता. ऑस्ट्रियानं आपल्या दालनात ५६० चौरस मीटरचं जंगल उभं केलं. उन्हाळ्यात माणसं आत शिरली की गारवा लागायचा. एसी नव्हता. पानांतून आणि जमिनीतून होणारं बाष्पीभवन, पाण्याचं बारीक धुकं आणि पंखे, एवढ्यावर ते चालायचं. त्यांना सांगायचं होतं हवेबद्दल, आणि ते झाडांनी सांगितलं. पैसा प्रचंड होता, आपल्याला तो जमणार नाही, पण विचार घेण्यासारखा आहे. जे सांगायचं तेच झाडाकडनं वदवून घेतलं.

मग अडचण कुठं आहे?

अडचण पॅकेजमध्ये आहे. मागणी वाढली तसे सजावटवाले "ग्रीन स्टॉल" विकायला लागले. दोन अरेका पाम दोन्ही कोपऱ्यांत, मागच्या भिंतीवर हिरवी चटई, टेबलावर स्नेक प्लांट. लोणच्याचा स्टॉल असो, साड्यांचा असो की सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा, तीच झाडं, तीच जागा. चार स्टॉल सोडून पाचव्यालाही तेच. गिऱ्हाइकाच्या लक्षात काय राहणार?

त्यातही भिंतीवरची चटई बहुतेक वेळा प्लॅस्टिकची असते. आता एक गोष्ट तुम्ही स्वतः बघितली असेल. आपल्याकडच्या मावशी-काकू स्टॉलवर आल्या की पहिल्यांदा पान चिमटीत धरून बघतात. "खरं हाय काय हे?" पान प्लॅस्टिकचं निघालं की हात मागं घेतात आणि नजर तुमच्या बरणीवर जाते. बरणीवर लिहिलेलं असतं "शंभर टक्के नैसर्गिक". त्या तोंडानं काही बोलत नाहीत. पण ज्याच्या स्टॉलचं पान खोटं, त्याच्या बरणीतलं खरं कशावरून, हा हिशोब मनात झालेला असतो.

थर्माकोलची सजावट तर विसराच. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. त्यामुळं स्टॉलच्या सजावटीचा विचार नव्यानं करायलाच लागणार आहे. तो करतानाच नीट करूया.

झाडाचं काम म्हणजे काय

गुळापासून सुरुवात करू, कारण आपल्या जिल्ह्याची ती ओळख. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आज प्रदर्शनात विनारसायन गुळाचे दहा स्टॉल असतात आणि दहाही जण तेच ओरडतात. गिऱ्हाईक विचारतं, "रसायन नाही म्हणता, मग रस साफ कशानं करता?" खरा प्रश्न हाच आहे. आणि याचं उत्तर म्हणजे भेंडी! गुऱ्हाळात भेंडीची, रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवतात, तो चिकट रस उकळत्या काहिलीत टाकतात, मग मळी वर येते आणि ती काढून टाकतात. ज्यांच्या घरचं गुऱ्हाळ आहे त्यांना हे नवीन नाही. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पूर्ण नवीन आहे.

आता विचार करा. तुमच्या स्टॉलवर चार कुंड्यांत भेंडीची झाडं उभी आहेत, पिवळी फुलं आलेली. गुळाच्या स्टॉलवर भेंडी कशाला, म्हणून माणूस थांबणारच. तो विचारतो, तुम्ही सांगता. बाजूला काचेच्या भांड्यात खोड भिजवलेलं पाणी ठेवा, चमच्यानं तार काढून दाखवा. दोन मिनिटांत त्याला कळतं की हा माणूस गुळातलं जाणणारा आहे. पिवळाधमक गूळ आणि तुमचा तांबूस गूळ यातला फरकही मग सांगता येतो. तोपर्यंत तो ऐकायला तयार झालेला असतो.

कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मानांकन मिळालं. पारंपरिक पद्धतीत कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. चपलेच्या स्टॉलवर पाम ठेवून काय सांगणार? बाभळीचं एक रोप ठेवा, शेजारी टोपलीत साल आणि हिरडे. काटे मात्र गिऱ्हाइकाच्या पदराला लागणार नाहीत अशा उंचीवर. "ही चप्पल रंगवलेली नाही, तिचा रंग इथनं येतो," असं म्हणत हिरडा हातात दिला की मशीनची चप्पल आणि तुमची चप्पल यांच्या किमतीतला फरक समजावत बसायला लागत नाही.

माझं स्वतःचं दुकान मसाल्याचं आहे. मी स्टॉलवर मिरचीच्या कुंड्या ठेवतो, झाडाला लाल मिरच्या लगडलेल्या. येणारा प्रत्येक जण विचारतो, "ही संकेश्वरी का बेडगी?" मला हाच प्रश्न पाहिजे असतो. कारण कांदा-लसूण मसाल्याचा रंग कुठल्या मिरचीचा आणि तिखटपणा कुठल्या मिरचीचा, हे सांगितलं की किलोमागं पन्नास रुपये जास्त का, याचं उत्तर आपोआप मिळतं.

आणि आता उलटी बाजू. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंग करणारे मित्र मला विचारतात, आम्ही काय लावू? त्यांना मी सांगतो, काही लावू नका. तुमचा खरेदीदार कास्टिंगवर बोट फिरवून फिनिश बघणार आहे. तिथं उजेड चांगला पाहिजे आणि टेबल मजबूत पाहिजे. ठिबकचे फिल्टर किंवा फवारणी पंप बनवत असाल तर वेगळी गोष्ट, तिथं चालू ठिबकवर वाढलेलं रोप म्हणजे पुरावा आहे. व्हॉल्व्ह विकणाऱ्यानं पाम आणला तर तो पाम नुसता जागा खातो.

प्रदर्शनाची तारीख आणि झाडाचं कॅलेंडर

इथं बरेच जण फसतात. प्रदर्शन ठरलेल्या तारखेला भरतं, झाड त्याच्या वेळेनं वाढतं. दोन्ही जुळवणं हे तुमचं काम.

हळदीचं उदाहरण बघा. हळद विकणाऱ्याला वाटतं, हिरवीगार हळदीची कुंडी ठेवावी. पण मे-जूनमध्ये लावलेल्या हळदीची पानं जानेवारीत पिवळी पडून वाळायला लागतात. तिचा काढणीचा काळ जवळ आलेला असतो. जानेवारीच्या स्टॉलवर हिरवी हळद शोधत फिरू नका. त्याऐवजी अख्खं झाड मुळासकट उपटून आणा. जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड, सगळं एका झाडाला लागलेलं दाखवा आणि समोर एक हळकुंड मोडा. तो रंग आणि तो वास कुठल्याही हिरव्या पानापेक्षा जास्त बोलतो.

मिरचीला रोप लावल्यापासून लाल व्हायला साधारण तीन-चार महिने धरा. म्हणजे जानेवारीसाठी सप्टेंबर. झेंडूला रोपापासून फुलापर्यंत दोनेक महिने. भेंडी थंडीत हळू वाढते, म्हणून जानेवारीसाठी ऑक्टोबरात बी टाका.

"सर, माझं प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलंय, आता काय करू?" असं विचारणारे सगळ्यात जास्त. त्यांच्यासाठी उत्तर आपल्या देवघरात आहे. नवरात्रात आपण घट बसवतो. परडीत माती, त्यात धान्य, रोज थोडं पाणी, आणि नवव्या दिवशी हिरवंगार तरारून आलेलं असतं. घरातल्या आईला, आजीला हे शिकवायला लागत नाही. तेच स्टॉलवर करा. पिठाची गिरणी किंवा रेडी मिक्सचा व्यवसाय असेल तर गहू, ज्वारी, नाचणी वेगवेगळ्या परड्यांत रुजत घाला आणि प्रत्येकासमोर त्याचं पीठ ठेवा. आजरा घनसाळ तांदूळ विकत असाल तर भाताचं तरू, पण त्याला थंडीत वीस-पंचवीस दिवस द्या. मेथी, मोहरी आठ-दहा दिवसांत येते. खर्च अगदी थोडा आणि परडी उचलायला हलकी.

कुणी म्हणेल, झाडांचा स्टॉल ही परदेशी फॅशन आहे. अहो, लग्नाच्या मांडवाला केळीचे खुंट आणि आंब्याचं तोरण आपण कधीपासून बांधतो? केळीच्या खुंटात पाणी असतं, म्हणून तो तोडल्यावरही एक-दोन दिवस ताजा राहतो. मांडव घालणाऱ्याला ते माहीत होतं. आपल्याकडं हे ज्ञान आहेच, फक्त धंद्यात वापरायचं राहिलंय.

तीन बाय तीनच्या जागेत

नव्या उद्योजकाला बहुतेक वेळा तीन मीटर बाय तीन मीटरचा स्टॉल मिळतो. नऊ चौरस मीटर. तीन बाजूंना ऑक्टोनॉर्मचे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग. एवढ्यात झाडं बसवायची आहेत. त्यामुळं हे लक्षात ठेवा.

१. वजन. दहा इंची कुंडी ओल्या मातीनं भरली की दहा-बारा किलोच्या पुढं जाते. अशा तीस कुंड्या म्हणजे तीनशे किलोच्यावर. त्या टेम्पोतनं उतरवून हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोण नेणार? मातीऐवजी कोकोपीट आणि गांडूळ खताचं मिश्रण वापरा, वजन बरंच कमी होतं. कुंड्या लहान ठेवा.

२. पॅनेलवर कुंडी टांगू नका. ते पॅनेल पोस्टरसाठी असतात. खिळा मारला तर दंड भरायला लागतो, आणि ओली कुंडी टांगली तर पॅनेल वाकतो. उंची पाहिजे असेल तर जमिनीवर उभं राहणारं लोखंडी स्टँड आणा आणि ते मागं भिंतीला टेकवून ठेवा.

३. पाणी. पाणी सकाळी, लोक यायच्या तासभर आधी घाला. प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवा. इलेक्ट्रिकचा बोर्ड टेबलाखाली जमिनीवर असतो, त्याच्या आसपास एकही कुंडी नको. हा नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. हॉलमध्ये पाण्याचा नळ कुठं आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.

४. उजेड आणि धूळ. बंद हॉलमध्ये ऊन नसतं. उन्हात वाढलेलं झाड थेट आत आणलं की दोन दिवसांत पानं टाकतं. म्हणून दोन-तीन आठवडे आधीपासून त्याला हळूहळू सावलीची सवय लावा. कापडी मंडप असेल तर धूळ बसते, म्हणून रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसा. मळकट पान म्हणजे मळकट दुकान. हॅलोजनचा दिवा पानाच्या जवळ नको, पान करपतं. एलईडी चालतो.

५. खाण्याचा माल. चवीचे नमुने देत असाल तर उघडी माती आणि नमुना यांच्यात अंतर पाहिजे. शेणखत अजिबात नको, वास येतो आणि माशा येतात. मातीवर बारीक खडी किंवा नारळाच्या शेंड्या पसरा.

६. वाट मोकळी. दोन माणसं आरामात आत येऊन उभी राहू शकली पाहिजेत. झाडांमुळं गिऱ्हाईक बाहेरच थांबत असेल तर झाडं मागं घ्या.

आणि आयोजकांना आधी लेखी विचारा. काही ठिकाणी ओली माती आणायला परवानगी नसते, काही ठिकाणी मांडणीची वेळ फक्त आदल्या संध्याकाळची असते. हे बुकिंगच्या वेळी कळलं तर उपाय करता येतो.

झाडाच्या नावावर खोटं नको

स्टॉलवर बोलताना एक वाक्य फार ऐकू येतं, "ही झाडं हवा शुद्ध करतात." हे कुठनं आलं? १९८९ मध्ये नासानं एक अभ्यास केला होता. लहानशा बंद पेटीत झाड ठेवून हवेतले काही वायू किती कमी होतात ते बघितलं. पेटीत ते कमी झाले, हे खरं. पण प्रदर्शनाचा हॉल म्हणजे बंद पेटी नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा हिशोब मांडला. इमारतीत साध्या वाऱ्यावाटे हवा जेवढी साफ होते, तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील, असं निघालं. तुमच्या नऊ चौरस मीटरच्या स्टॉलला कमीत कमी नव्वद. मग तुम्ही कुठं उभे राहणार? झाड सुंदर आहे, मन प्रसन्न करतं, एवढं सांगा. ते खरं आहे. आज गिऱ्हाइकाच्या हातात मोबाईल असतो, तो तिथंच तपासतो, आणि एक दावा खोटा निघाला की तुमच्या मालाचे बाकीचे दावेही संशयात येतात.

दुसरं, जंगलातनं काही आणू नका. राधानगरी, दाजीपूर आपल्या जवळ आहे, पावसात झाडांच्या फांद्यांवर आमरी फुललेली दिसते, आणि कुणाला तरी वाटतं की मधाच्या किंवा औषधी मालाच्या स्टॉलवर ती काय शोभेल! राधानगरी अभयारण्य २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातली झाडंझुडपं तोडणं, उचलून नेणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी "आम्ही निसर्ग जपतो" असा फलक लावून त्याखाली ओरबाडून आणलेली आमरी ठेवायची, हे कुणालाही पटणार नाही.

तिसरं, लहान मुलं. डिफेनबेकिया, एग्लोनेमा, मनी प्लांट यांच्या पानांत अळूसारखेच सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. अळू कच्चं खाल्लं की घसा खाजतो तो त्यामुळंच. मुलानं पान तोंडात घातलं तर तोंडाची आग होते, सूज येते. कण्हेर तर विषारीच. प्रदर्शनात मुलं हात लावणारच. त्यांना हात लावू द्या, पण तो तुळशीला, गवती चहाला, पुदिन्याला. चुरगळून वास घेऊ द्या. वास आला की आईही थांबते.

पैशाचं गणित

आता कागद-पेन घ्या. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे दर घालून परत मांडा.

समजा गुळाचा स्टॉल आहे आणि किलोमागं २५ रुपये नफा सुटतो. सजावटवाल्याचं झाडांचं पॅकेज समजा ८,००० रुपये. हा खर्च भरून काढायला ३२० किलो गूळ जादा विकला पाहिजे. प्रदर्शन चार दिवसांचं, म्हणजे रोज ८० किलो जादा. आणि शेवटच्या दिवशी पाम परत जाणार, तुमच्या हातात शून्य.

आता स्वतःचं. भेंडीच्या ४ कुंड्या, प्रत्येकी १५० धरून ६०० रुपये. रुजत घातलेल्या १२ परड्या, प्रत्येकी ४० धरून ४८०. ताटल्या आणि किरकोळ ३००. टेम्पोची जादा फेरी ८००. एकूण २,१८०. हे भरून काढायला ८८ किलो, रोजचे २२. शिवाय कुंड्या आणि ताटल्या पुढच्या वर्षी परत वापरात.

यात तुमचे तीन महिन्यांचे पाणी घालायचे कष्ट धरलेले नाहीत, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि हा आक्षेप मला मान्य आहे. ज्याच्या घरी पाणी घालायला माणूस नाही, गच्ची नाही, अंगण नाही, त्यानं हे करू नये. त्यानं नऊ दिवसांच्या परड्यांवर थांबावं. नाहीतर जवळच्या रोपवाटिकेशी बोलावं. आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात उसाच्या आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिका भरपूर आहेत. "माझ्या स्टॉलवर तुमच्या नावाची पाटी लावतो, तुम्ही रोपं द्या," असा व्यवहार होऊ शकतो. दोघांचाही फायदा.

माझा साधा नियम असा. स्टॉलच्या एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसा झाडांवर घालायचा नाही. नव्या माणसाला स्टॉलचं भाडं म्हणजे कित्येकदा दोन-तीन महिन्यांची शिल्लक असते, कधी बचत गटाचं कर्ज असतं. ती रक्कम हौसेत घालवायची नसते.

शेवटच्या संध्याकाळचं आधीच ठरवा

प्रदर्शन संपल्यावर रात्री हॉलच्या मागं चक्कर मारा. फाटके फ्लेक्स, चिरडलेली फुलं, कलंडलेल्या कुंड्या. चार दिवस ज्याच्या जिवावर गर्दी जमवली, ते झाड पाचव्या दिवशी कचऱ्यात! मला हे पटत नाही.

लंडनमध्ये १९१३ पासून चेल्सी फ्लॉवर शो भरतो. काही दिवसांच्या प्रदर्शनासाठी तिथं पूर्ण बागा उभ्या करतात. आता त्यातल्या बऱ्याच बागा नंतर कुठं जाणार, हे बाग आखतानाच ठरलेलं असतं. शाळा, रुग्णालय, वस्तीतलं उद्यान, अशा ठिकाणी त्या परत लावल्या जातात. आपल्या चार कुंड्यांसाठी एवढं ठरवणं अवघड नाही.

मिरचीची, तुळशीची लहान रोपं असतील तर शेवटच्या दिवशी ठरावीक रकमेच्या खरेदीवर भेट द्या. कुंडीवर तुमच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबरचं स्टिकर लावा. व्हिजिटिंग कार्ड पाकिटातच राहतं, रोप मात्र खिडकीत ठेवलं जातं आणि रोज त्याला पाणी घालताना तुमचं नाव दिसतं. मोठ्या कुंड्या दुकानात न्या. बाभळीचं रोप ज्याच्या बांधावर जागा आहे त्याला द्या. धान्याच्या परड्या गोठ्यात गेल्या तरी वाया जात नाहीत.

एक गोष्ट मात्र चार दिवस पाळायची. स्टॉलवरचं झाड सुकू द्यायचं नाही. गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नसतं. तुम्ही उद्या फोन उचलाल का, माल वेळेत पाठवाल का, खराब निघाला तर बदलून द्याल का, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त तुमचा स्टॉल असतो. त्यात मान टाकलेलं झाड दिसलं तर तो त्यावरनंच अंदाज बांधणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टवटवीत मिरची दिसली तरीही तो अंदाज बांधतो, आणि तो तुमच्या फायद्याचा असतो.

आता गृहपाठ. वहीत तुमच्या मालाचं नाव लिहा. त्याखाली गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळा विचारतं तो एक प्रश्न लिहा. मग विचार करा, या प्रश्नाचं उत्तर कुठलं झाड देऊ शकेल? सापडलं तर प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटं मोजा आणि बी टाकायचा दिवस कॅलेंडरवर मांडा. नाही सापडलं तर वही मिटा आणि दिवे चांगले लावा, त्यात कमीपणा काही नाही.

सापडलेलं झाड मला जरूर कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या चांगल्या कल्पना सगळ्यांना सांगू. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!